नुसती लिंक की सोबत दोन ओळी?

रोज ऐकलेले शास्त्रीय गाणे गटातल्या चार कानसेनांना कळवल्याशिवाय ज्यांना चैन पडत नाही, त्यांच्यापुढे हा प्रश्न कधीतरी येतोच. मी दोन्ही करून पाहिले आहे. (सामाईक प्लेलिस्ट इथे धरत नाही. तिच्यात भर सगळे घालतात, ऐकत कोणी नाही.)

नुसत्या लिंकच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे. वेळ जात नाही, शहाणपण मिरवल्यासारखे होत नाही, आणि ऐकणाऱ्याचा कान मोकळा राहतो. ७८ गतीच्या तबकड्यांना तर मला हीच पद्धत बरी वाटते. १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेलेली केसरबाई केरकरांची भैरवी, 'जात कहाँ हो', जेमतेम साडेतीन मिनिटांची आहे. तिच्यावर टिपण कशाला?

अडते ते मोठ्या ख्यालापाशी, म्हणजे संथ, लांबलचक गाण्यापाशी. गायक अमीर खाँसाहेबांचा मारवा राग पाठवावा, झुमरा तालातला, ज्याचे एकेक आवर्तन, म्हणजे तालाचा फेरा, पुरे व्हायला मिनिटभर लागावे असा. आणि अस्ताईही, म्हणजे बंदिशीचा पहिला भागही, नीट मांडून झाली नसेल एवढ्यात 'क्या बात!' येऊन पडावे. मागोमाग जोडलेले हात. न ऐकण्याला माझी हरकत नाही, कामाच्या धबडग्यात कोण ऐकणार? पण दाद आली की विषय मिटतो. रात्री ज्याने खरोखर ऐकले, त्याला आता काही लिहावेसे वाटत नाही. तोवर वर आणखी चार लिंका येऊन गेलेल्या असतात. मला हे फार खुपले, आणि कौल तिथेच फिरला.

आता मी त्या मारव्यासोबत लिहितो: 'षड्ज (सा) किती टाळलाय बघा, आणि लागतो तेव्हा काय होतं तेही.' बस्स. उत्तरे कमी येतात, उशिरा येतात, पण ऐकून आलेली असतात. कुणाला धैवतावरचा (ध) ठहराव अधिक भावलेला असतो, कुणाला नंतरची द्रुत, वेगवान बंदिश नकोच असते. त्यावरून वाद होतो तो वेगळाच.

यातही खोट आहे, नाही असे नाही. सांगितलेल्या जागेची वाट बघत ऐकले की बाकीच्या जागा निसटतात. म्हणून मिनिट-सेकंद मी सहसा देत नाही. दिले की लोक थेट तिथे उडी मारतात, आणि बढत, म्हणजे राग हळूहळू फुलवत नेणे, गाळून ऐकलेली तान नुसती कसरत वाटते. ज्यांना लिहिण्याचा कंटाळा आहे, किंवा ज्यांची मंडळी दोघा-तिघांचीच आहे, त्यांचे नुसत्या लिंकवरही कदाचित छान भागेल.

रागाचे नाव लिहावे का? माझ्यापुरते सांगतो, मारवा, पूरिया, सोहनी यांपैकी काही पाठवताना मी ते गाळतो. सूर तिन्हींत तेच, कोमल रिषभ (रे), तीव्र मध्यम (म), पंचम (प) वर्ज्य. मग मंद्रातला, म्हणजे खालच्या सप्तकातला, वावर ऐकून पूरिया म्हणणारा आणि रिषभ-धैवतावर बोट ठेवून मारवा म्हणणारा, दोघांनाही शेवटपर्यंत ऐकावेच लागते.