पटाशी कुठून आणायची: शेफिल्ड की मिकी?

लंडनला निघालेले आणि ओसाकाला निघालेले, दोघेही हल्ली एकच प्रश्न विचारतात: तिकडून पटाशा, म्हणजे लाकडात खाचा मारायच्या छिन्न्या, आणाव्यात का? आणाव्यात. मुंबईत नागदेवीला किंवा पुण्यात बोहरी आळीत मिळतात त्या अगदीच टाकाऊ नसतात, पण जुन्या सागवानात दोन-चार खाचा मारल्या की पुन्हा धारेचा दगड काढावा लागतो. सागवानात सिलिका असते, ती धार खाते. प्रश्न एवढाच की आणायच्या कुठून. माझ्याकडे इंग्लंडच्याही आहेत आणि जपानच्याही, आणि दोन्ही वापरात आहेत. तेव्हा पुढचं सगळं एका हौशी माणसाचं मत समजा, प्रयोगशाळेचा निकाल नव्हे.

आधी इंग्लंड. शेफिल्डच्या पोलादाचा दबदबा १७४०च्या दशकात बेंजामिन हंट्समनने मुशीत पोलाद वितळवायला सुरुवात केली तेव्हापासूनचा. आजही तिथे थॉमस फ्लिनच्या करवती बनतात, रॉबर्ट सॉर्बीची लेथवरची हत्यारं बनतात. तिथल्याच केलहॅम आयलंडच्या संग्रहालयात केन हॉली या संग्राहकाने जमवलेली जुनी हत्यारं मांडली आहेत, ती बघायला अर्धा दिवस काढाच. पण खरेदीचं म्हणाल, तर दुकानात शिरून चार पटाशा हातात तोलून बघण्याची सोय कमी होत चालली आहे. बराच व्यवहार पोस्टाने. इंग्लंडची खरी मजा जुन्या मालात. रविवारी सकाळी मैदानात गाड्यांच्या डिक्या उघडून जो बाजार भरतो, तिथे ‘कास्ट स्टील’ (म्हणजे तेच मुशीतलं पोलाद) असा शिक्का असलेली, बॉक्सवुडच्या मुठीची पटाशी चहा-सँडविचच्या पैशात मिळून जाते. नशीब लागतं, आणि घासाघीस करायची लाज सोडावी लागते.

जपानमध्ये हे फार सोपं आहे. ओसाकाजवळच्या कोबेहून लोकल गाडीने तासाभरात मिकीला पोचता येतं. हे गावच हत्यारांचं. तिथल्या हमरस्त्यावरच्या विश्रांतिस्थळाच्या वरच्या मजल्यावर गावातल्या कारागिरांचा माल मांडून विकायला ठेवलेला असतो. भाषेची अडचण येत नाही. बोट दाखवायचं आणि मिलिमीटर सांगायचे. त्यांचं जुनं माप ‘बु’ ३.०३ मिमीचं आणि आपल्या सुतारांचं सूत ३.१७५ मिमीचं, त्यामुळे चार सुती पटाशी मागणाऱ्याच्या हातात १२ मिमीची आली तरी फारसं बिघडत नाही. कोबेतच शिन-कोबे स्टेशनजवळ ताकेनाका सुतारी हत्यारांचं संग्रहालय आहे. आधी ते बघा, मग मिकीला जा. उलट केलंत तर पाकीट रिकामं करून मग शहाणपण येईल.

करातही फरक आहे. जपानमध्ये पासपोर्ट दाखवला की ठरावीक रकमेवरच्या खरेदीवर १० टक्के कर वाचतो. नोव्हेंबर २०२६पासून मात्र तो आधी भरून विमानतळावर परत घ्यायचा आहे. इंग्लंडमध्ये पर्यटकांना दुकानातल्या खरेदीवर २० टक्के व्हॅट परत मिळायचा, ते २०२१च्या सुरुवातीपासून बंद झालं.

पण माझं पारडं जपानकडे झुकलं ते किमतीमुळे नाही. झुकलं ते पटाशीच्या पाठीमुळे.

नवी पटाशी घेतली की तिची सपाट बाजू, म्हणजेच पाठ, आधी दगडावर घासून खरोखरीची सपाट करावी लागते, हे वाचणाऱ्याला माहीत असेलच. इंग्लंडहून आणलेल्या माझ्या एका नव्या, नावाजलेल्या संचातली पाऊण इंची पटाशी मी घासायला घेतली. दगडावर काळं पाणी जमतंय, बोटांची टोकं सोलून निघताहेत, आणि पाठ बघावी तर मधे चमक आणि धारेच्या कोपऱ्यांवर अजून कारखान्यातले ओरखडे तसेच. म्हणजे पाठ मधे फुगलेली. एवढं घासूनही कामाची जागा कोरडीच. संध्याकाळ गेली, दुसरी संध्याकाळही गेली. जुन्या बाजारातल्या पटाशीला तर याहून वाईट खोड असते: पाठीवर गंजाचे खड्डे. असा खड्डा धारेपाशी आला की कितीही धार लावा, तेवढ्या जागी लाकडावर बारीक रेघ उठतेच.

जपानी पटाशीच्या पाठीला मुळातच खळगा असतो. दगडाला टेकतात त्या फक्त कडा आणि धारेलगतची बारीक पट्टी. घासायला धातूच थोडा, त्यामुळे चहा निवायच्या आत पाठ आरशासारखी. शिवाय धारेपुरतं कडक पोलाद आणि बाकी मऊ लोखंड, म्हणून धारेचा उतारही लवकर घासला जातो. कॅनडा-अमेरिकेतल्या काही महागड्या कंपन्या पाठ आधीच सपाट करून देतात, हे खरं आहे. ती किंमत झेपत असेल तर हा मुद्दा तुमच्यासाठी गौण.

मुठीच्या टोकाला लोखंडी कडी असते, तीही आपल्याला सोयीची, कारण आपण मोगरीऐवजी हातोडीच उचलतो. खोटही आहे. हे पोलाद कडक, त्यामुळे बाभळीच्या गाठीत घालून उचकटलंत तर धारेचा तुकडा उडतो. घरी कामाला आलेल्या सुतारमामांनी पटाशी मागितली, तर मी निमूटपणे शेफिल्डची पुढे करतो. पावसाळ्यात गंजही लगेच धरतो. शिलाई मशीनच्या तेलाची चिंधी डब्यात ठेवा.

बाकी हत्यारांत मी इतका ठाम नाही. जपानी करवत ओढून कापते, खाली बसून पायाने लाकूड दाबणाऱ्याला ती फार छान जमते. पण बदलायच्या पात्यांचे दात इतके कडक असतात की कानस चालत नाही, तेव्हा जादा पाती तिथूनच घ्या. इंग्लिश करवत तिकोनी कानशीने पिढ्यान्‌पिढ्या चालते. रंध्याच्या बाबतीत तर मी इंग्लंडच्याच बाजूचा: जपानी रंध्याचं लाकडी अंग कोकणातल्या हवेत फुगतं आणि पातं अडकून बसतं. जुना लोखंडी रंधा जड असतो, सामानाचं वजन खातो, पण कुरकुर करत नाही.

दोनपैकी एकाच देशाला जाणं होणार असेल आणि हवी असेल पटाशीच, तर माझा कल कळलाच असेल. दहांचा संच घेऊ नका. ६, १२ आणि २४ मिमी अशा सुट्ट्या घ्या, त्याही ‘पांढरा कागद’ (शिरोगामी) नावाच्या पोलादाच्या, म्हणजे घरी धार लावायला सोप्या. कडी पक्की बसली आहे ना, हे दुकानातच दाखवून घ्या. धारा पुठ्ठ्यात गुंडाळून मोठ्या बॅगेत टाका, हातातल्या पिशवीत नको. आणि वजनात जागा उरली, तर पाणी घालून धार लावायचा १००० ग्रिटचा (मध्यम दाण्याचा) दगडही तिथूनच उचला.