वर्षाचा हिशेब दोघांनी लिहायचा: वहीत की फोनवर?

31 डिसेंबरला रात्रीची जेवणं आटोपली की आम्ही दोघं वर्षभराचं लिहायला बसतो. 2019 पासूनचा नेम आहे. सदरं तीनच. 'बाहेरचं' म्हणजे देशात-जगात काय झालं. 'हातातलं' म्हणजे फोन, ॲप, यंत्रं यांनी आपलं काय केलं. आणि 'आपलं' म्हणजे बायकोचे पक्षी आणि माझे किल्ले. शेवटी पुढच्या वर्षाबद्दल दोघांचा एकेक अंदाज. हे ऐकून ओळखीतल्या दोन जोडप्यांनी विचारलं की आम्हालाही सुरू करायचंय, तर वही आणू की फोनवर दोघांची मिळून एक फाइल उघडू? दोन्ही करून झालंय म्हणून सांगतो. वहीला किती पानं आणि फाइलला किती जागा, यात शिरत नाही.

आधी वहीविरुद्धचा पुरावा, कारण तो जबर आहे. 2020 चा डिसेंबर आम्ही चिपळूणला, बायकोच्या माहेरी काढला. तिथेच लिहिलं आणि वही तिथेच तळमजल्याच्या कपाटात राहिली. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी गावात शिरलं. पाणी ओसरल्यावर मेहुण्याने वही चिखलातून काढून गच्चीवर वाळत घातली, पण पानं पापडासारखी एकमेकांना चिकटली होती. मी बॉलपेनने लिहिलेलं अधूनमधून लागतं: '22 मार्च, पाच वाजता थाळ्या. समोरचे काका कढई घेऊन आले.' हिने हौसेने आणलेल्या जेलपेनने लिहिलं होतं. तिच्या पानांवर नुसते निळे ढग उरलेत. दोन वर्षांतलं तिचं एक अक्षर वाचता येत नाही.

त्यामुळे 2021 पासून तीन वर्षं आम्ही फाइल ठेवली, गूगल डॉक्सवर. (मध्ये एकदा बोलून रेकॉर्डिंग करायचं खूळ घेतलं होतं. पाऊण तासाचं झालं, ते आजवर कुणी ऐकलेलं नाही. तो नाद करू नका.)

फाइलचे फायदे खोटे नाहीत. परवाच वाद झाला, दोन हजारांची नोट मागे घेतल्याचं जाहीर झालं ते कोणत्या साली? फाइलमध्ये 'नोट' टाकलं आणि 2023 चं पान समोर आलं: 19 मे. खाली हिची ओळ: 'डाळीच्या डब्यात चार सापडल्या.' वहीत हेच शोधायला पंधरा मिनिटं गेली असती. त्यातली दहा भलतंच काही वाचण्यात, आणि मला ते आवडलं असतं, हा भाग वेगळा.

दुसरं म्हणजे मुलगी. ती जर्मनीत असते. आपल्याकडे बारा वाजतात तेव्हा तिथे संध्याकाळचे साडेसात झालेले असतात, म्हणजे ती निवांत लिहायला बसू शकायची. चांद्रयान-3 उतरलं ते आम्ही संध्याकाळी सहा वाजता सोसायटीच्या हॉलमध्ये पाहिलं, तिने भर दुपारी ऑफिसात, आवाज बंद करून. ती ओळ तिची आहे आणि ती फक्त फाइलमुळे मिळाली. शिवाय हिने 'भिगवणला रोहित पाहिले, शंभरेक असतील' असं लिहिल्यावर शेजारी तिचा प्रश्न येऊन पडला होता: 'कोण रोहित?' फ्लेमिंगो म्हणायची सवय झालेल्या पिढीला मराठी नाव असं पोचवायला लागतं.

तिसरं, अक्षर. माझं अक्षर मलाच दुसऱ्या दिवशी लागत नाही. फाइलमध्ये तो प्रश्न नव्हता.

मग अडलं कुठे? सुरुवात अगदी क्षुल्लक होती. जेवणाच्या टेबलाशी आम्ही समोरासमोर, दोघांच्या हातात आपापला फोन. मी 'परिस्थीती' लिहितो न लिहितो तोच हिच्या नावाची गुलाबी दांडी माझ्या ओळीत शिरते आणि दुसरी वेलांटी ऱ्हस्व करून निघून जाते. अजून माझं वाक्यही पुरं झालेलं नसतं. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेली बाई, हात राहत नाही. मी म्हणायचो, आधी लिहू दे तरी. ती म्हणायची, मग काय चूक तशीच ठेवू? दोन वर्षं हे हसण्यावारी गेलं.

तिसऱ्या वर्षी हसण्यावारी गेलं नाही. डिसेंबर 2023 च्या पानावर माझा अंदाज होता: 'लोकसभेत भाजप एकट्याने 303 च्या वर जाईल.' हिचा अंदाज: 'खाली येईल.' 4 जून 2024 ला आकडा आला 240. त्या संध्याकाळी, आपण नक्की काय लिहिलं होतं ते बघू म्हणून मी फाइल उघडली. आणि खरं सांगतो, 'वर जाईल' काढून 'आसपास राहील' केलं. दहा सेकंदांचं काम. कुणी पाहिलं नाही, खाडाखोड उरली नाही.

2024 च्या शेवटच्या रात्री जुनं पान मोठ्याने वाचताना ही थांबली. 'तू असं लिहिलं नव्हतंस.' मी म्हटलं, 'हेच लिहिलंय, बघ की.' आणि खरोखरच तेच लिहिलेलं होतं, स्वच्छ टायपात, वरच्या चार आणि खालच्या चार ओळींसारखंच. जुन्या आवृत्त्या बघायची सोय असते, हे मला ठाऊक आहे आणि तिलाही. पण नवऱ्याची चोरी पकडायला रात्री अकरा वाजता लॅपटॉप कोण काढतो? ती नुसतं 'जाऊ दे' म्हणाली. ते 'जाऊ दे' मला झोंबलं आणि मी कबूल केलं.

त्यावर ती म्हणाली, मग माझंही ऐक. 2022 च्या 'हातातलं' या सदरात तिने चॅटजीपीटीबद्दल लिहिलं होतं: 'नवं खूळ, दोन महिने टिकेल.' ते तेव्हा येऊन जेमतेम महिना झाला होता. पुढे ती स्वतःच त्याला पक्ष्यांच्या स्थलांतराबद्दल प्रश्न विचारायला लागली, तेव्हा ती ओळ तिने गुपचूप पुसली. मला पत्ताही नव्हता! म्हणजे तीन वर्षांच्या फाइलमध्ये दोघंही जरा जास्तच शहाणे दिसत होतो, आणि आणखी कुठे कुठे हात फिरलाय हे आता दोघांनाही नीट आठवत नाही. या एका गोष्टीमुळे माझं मन फाइलवरून उडालं. तुम्ही आमच्यापेक्षा प्रामाणिक असाल तर ही अडचण तुम्हाला येणारही नाही.

त्याच रात्री हिच्या शाळेच्या सामानात उरलेली एक लाँगबुक काढली. 2024 चं त्यात लिहिलं, आणि तेव्हापासून वहीच. शुद्धलेखनाची खोड गेली नाही, फक्त आता ती समासात असते, लाल पेनाने. मी 'बाहेरचं'मध्ये लिहिलं होतं: '3 ऑक्टोबरला मराठीला अभिजात दर्जा. आता मराठी शाळा वाचतील.' समासात लाल: 'कशा?' त्याखाली निळं: 'वाचतील.' त्याखाली पुन्हा लाल, नुसती एक आडवी रेघ. एवढ्याशा जागेत जे भांडण मावलंय ते फाइलमध्ये मावलं नसतं, कारण तिथे तिने माझी ओळ सुधारली असती किंवा मी वैतागून काढून टाकली असती. पुढच्याच ओळींत 12 डिसेंबरला गुकेश जगज्जेता आणि 15 ला झाकीर हुसेन गेले, हे एका दमात आलंय. त्या ओळींचं अक्षर बघितलं तरी घाई कळते.

'आपलं'मध्ये माझं एक वाक्य आहे: 'साल्हेर राहिला.' 2022 च्या फाइलमध्येही हेच होतं, पण तिथे ते टंकलेलं असल्याने काही वाटत नव्हतं. तेच दुसऱ्यांदा, आणि हाताने, लिहिताना लाज वाटली. 2025 च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या यादीत शिवरायांचे बारा किल्ले गेले, त्यातले महाराष्ट्रातले अकरा. वहीच्या मागच्या पानावर ते लिहून पुढे बरोबरच्या खुणा केल्यात. साल्हेरपुढे खूण नाही. समासात लाल: 'गुडघा?'

वहीचे तोटे लपवत नाही. पुराचं वर आलंच. 'बाहेरचं' लांबलं की चिठ्ठ्या डकवाव्या लागतात आणि डिंकाने पान फुगतं. मुलीला फक्त फोटो मिळतात, तिच्या ओळी आम्ही फोनवर ऐकून उतरवतो, आणि तिचं म्हणणं असं की बाबा त्यात आपलं घुसडतात. त्यात तथ्य आहे. पण फाइल कायमची असते यावरही माझा फार विश्वास उरलेला नाही. मुलगी नवी नवी गेली तेव्हा रोज स्काइपवर बोलायचो. 5 मे 2025 ला ते बंदच झालं. डिजिटल गोष्टीही बुडतात, फक्त चिखल दिसत नाही.

तेव्हा नोकरीमुळे दोघं दोन गावांत असाल, लिहिताना हात दुखत असेल किंवा नदीकाठी तळमजल्यावर राहत असाल, तर फाइलच बरी. तिथे मी आग्रह करणार नाही. फक्त 1 जानेवारीला तिची पीडीएफ काढून तिसऱ्या कुणाकडे तरी पाठवा, म्हणजे नंतर हात शिवशिवले तरी उपयोग नाही. एका छपराखाली राहत असाल तर जाड पुठ्ठ्याची लाँगबुक घ्या, बॉलपेन वापरा, जेल नको. दुसऱ्या दिवशी पानांचे फोटो काढा आणि वही वरच्या फळीवर ठेवा. आमची आता देवघराच्या वर असते.

2024 च्या पानावर माझा अंदाज असा आहे: 'महिला विश्वचषकात आपल्या मुली उपांत्य फेरीपर्यंत.' खाली तिचा: 'जिंकतील.' 2 नोव्हेंबर 2025 ला नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेची शेवटची विकेट पडली, 52 धावांनी जिंकलो, मध्यरात्र होत आली होती. मी टीव्हीसमोर टाळ्या वाजवतोय आणि ही स्टूल ओढत देवघराकडे निघाली. वही काढली, लाल पेन शोधलं, स्वतःच्या ओळीखाली दोनदा रेघ मारली. माझ्या ओळीला तिने हात लावला नाही.