घरच्या घरी माइनक्राफ्ट सर्व्हर: दिवाळीपासून वापरतोय, त्याचा अनुभव

ऐरोलीच्या घरी टीव्हीखालच्या कप्प्यात एक सेकंडहँड मिनी पीसी ठेवलाय, आठव्या जनरेशनचा आय-फाइव्ह, १६ जीबी रॅम, त्यावर चोवीस तास माइनक्राफ्ट (ठोकळ्यांचं जग बांधायचा गेम) च्या जावा आवृत्तीचा सर्व्हर, म्हणजे सगळे मित्र जोडून एकत्र खेळतात ती जागा. मशीन किती दणकट लागतं हे सगळे विचारतात, पण खरं सांगू का, मशीनचा प्रॉब्लेमच नाही. आमचा कॉलेजचा ग्रुप, एका वेळी पाच-सहा जण ऑनलाइन. पेपर नावाचं सर्व्हरचं सॉफ्टवेअर टाकलं, जावाला ६ जीबी रॅम दिली, बास. फक्त गेमचा मुख्य हिशोब एकाच कोअरवर चालतो, म्हणून कोअर मोजत बसू नका, एका कोअरचा स्पीड बघा.

गेमचा हिशोब ठोक्याठोक्याने चालतो, त्या ठोक्याला टिक म्हणतात; सेकंदाला २० टिक, म्हणजे एका टिकला ५० मिलिसेकंद. त्याच्यावर गेलं की ठोकळा फोडला तरी परत उगवतो आणि गाई जागच्या जागी थरथरतात. आमच्याकडे हे व्हायचं ते कोणीतरी एलिट्रा (गेममधले पंख) लावून नवीन भागात उडत सुटला की, कारण नवीन चंक (नकाशाचे तुकडे) बनवणं हे सगळ्यात जड काम. चंकी प्लगइनने नकाशा आधीच बनवून ठेवला, सिम्युलेशन डिस्टन्स (खेळाडूभोवती किती चंकपर्यंत गेम हालचाल चालू ठेवतो ते) १० वरून ६ वर आणला, मग शांतता.

खरी डोकेदुखी नेटची. राउटरमध्ये २५५६५ पोर्ट फॉरवर्ड करून पण, म्हणजे बाहेरून त्या नंबरवर येणारं कनेक्शन या मशीनकडे वळवून पण, बाहेरून कोणालाच जॉइन होईना. राउटरच्या वॅन आयपीची (नेट कंपनीने राउटरला दिलेला पत्ता) सुरुवात १००.६४ ते १००.१२७ च्या मधली असेल तर समजा तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, एकच पब्लिक आयपी कित्येक घरांत वाटलाय, तुमचं पोर्ट फॉरवर्डिंग तिथपर्यंत पोचतच नाही. कस्टमर केअरला फोन केला तर म्हणे 'सर, स्पीड तर बरोबर येतोय'. अहो स्पीडबद्दल कोण बोलतंय! स्टॅटिक आयपी मिळतो पण दरमहा वेगळे पैसे, तेवढ्यात भाड्याचा छोटा सर्व्हर येईल. शेवटी सगळ्यांना टेलस्केल टाकायला लावलं, ते सगळ्यांची मशीन एका खासगी नेटवर्कमध्ये जोडतं. थेट कनेक्शन झालं तर ठाण्यातल्या मित्राला पिंग अगदी कमी, पण कधीकधी रिले मधून (मधल्या दुसऱ्या सर्व्हरवरून) जातं तेव्हा तोच शिव्या घालतो. आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे आयपी पत्ते) चा पर्याय पण आहे, पण मग समोरच्याकडे पण हवं, आणि आमच्यातल्या अर्ध्यांकडे नाही.

वीज म्हणाल तर साधारण १५ वॉट ओढतं, म्हणजे महिन्याला ११ युनिटच्या आसपास. आईचा 'हा डबा रात्री पण चालू कशाला?' हा प्रश्न या आकड्यावर मिटला. पावसाळ्यात लाइट गेली की राउटर आणि मशीन दोन्ही यूपीएसवर पाहिजेत, नुसतं मशीन चालू राहून काय उपयोग. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) पॉवर आल्यावर आपोआप चालू व्हायचं सेटिंग असतं ते करून टाका, नाहीतर ऑफिसमधून घरी फोन करून बटण दाबायला सांगावं लागतं.

ज्यांच्याकडे पब्लिक आयपी आहे त्यांनी व्हाइटलिस्ट (फक्त यादीतल्यांनाच प्रवेश) पहिल्या दिवशीच लावा, उघडे पोर्ट शोधत फिरणारे बॉट भरपूर आहेत. बॅकअप पहाटे ४ ला, आधी सेव्ह-ऑफ कमांड (आपोआप सेव्ह थांबवते), मग सेव्ह-ऑल (सगळं एकदा सेव्ह करते), कॉपी झाली की सेव्ह-ऑन, चालू सर्व्हरचा फोल्डर तसाच उचलू नका. कॉपी दुसऱ्या डिस्कवर.

आता ग्रुपला व्हॅलहाइम हा दुसरा गेम पाहिजे. ते १० जणांपर्यंत चालतं, पोर्ट २४५६ पासून आणि प्रकार युडीपी, राउटरमध्ये टीसीपी (कनेक्शनचा दुसरा प्रकार) टाकून बघत बसू नका. याच डब्यावर दोन्ही एकदम चालवणार नाही, माइनक्राफ्ट बंद करून लावेन, ज्याला घर बांधायचं राहिलंय त्याने या आठवड्यात बांधून घ्या.