फ्लॅश की असेल तो उजेड? कोकणात कीटक-कोळ्यांचे मॅक्रो फोटो काढणाऱ्यांसाठी

कीटकांचे आणि कोळ्यांचे जवळून फोटो काढायला सुरुवात करताना दोन वाटा समोर असतात. एकीत अॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत घेणारं छिद्र, एफ/८ ते एफ/१६ एवढं बारीक ठेवायचं आणि सगळा प्रकाश फ्लॅशचा घ्यायचा. दुसरीत अॅपर्चर एफ/२.८ ते एफ/५.६ असं मोठं उघडायचं, असेल त्या उजेडात काम करायचं, आणि डोळा किंवा पंखाची एखादी शीर तेवढी स्पष्ट ठेवून बाकीचं विरघळू द्यायचं. कॅमेरा आणि लेन्स दोन्हीकडे तीच चालते, फरक पडतो तो बाकीच्या सामानात, म्हणून खरेदीआधी वाट ठरवलेली बरी. माझं मत असं की कोकणात पहिले पैसे फ्लॅशवर घालावेत. दुसरी वाट मला जास्त प्रिय आहे, पण तिचे दिवस वर्षात मोजकेच येतात.

आधी हिशेब पाहू. फुलफ्रेम कॅमेऱ्यावर १:१ मॅग्निफिकेशन घेतलं, म्हणजे किड्याची सेन्सरवरची प्रतिमा त्याच्या खऱ्या आकाराएवढी केली, की ३६ बाय २४ मिलिमीटरचा तुकडा पूर्ण फ्रेम भरतो. अशा वेळी एफ/२.८ वर फोकसमध्ये राहणारा पट्टा साधारण ०.३ मिलिमीटरचा असतो, एफ/११ वर १.३ मिलिमीटरचा. सात-आठ मिलिमीटरचा उड्या मारणारा कोळी समोर असेल तर एफ/२.८ वर पुढचे दोन मोठे डोळे स्पष्ट येतात आणि बाजूचे डोळे लगेच धूसर होऊ लागतात. एफ/११ वर सगळा चेहरा हाती लागतो. शिवाय एवढ्या जवळ गेल्यावर उजेडही घटतो: १:१ ला एफ/११ म्हणजे प्रत्यक्षात एफ/२२ एवढाच प्रकाश सेन्सरवर पोचतो. आता श्रावणातली माड-पोफळीची वाडी डोळ्यांपुढे आणा. आभाळ भरलेलं, वर झावळ्यांचं छप्पर. तिथे आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता, १६०० वर नेली तरीसुद्धा शटर सेकंदाच्या आठव्या भागापर्यंत खाली येतं, आणि पानं तर सतत हलत असतात. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि कीटकांची खरी गर्दी याच महिन्यांत असते. भर हंगामात दुसरी वाट बहुतेक बंदच असते, ती अशी.

फ्लॅश हा प्रश्न सोडवतो तो नुसत्या जास्त प्रकाशाने नाही. पूर्ण ताकदीच्या सोळाव्या भागावर फ्लॅश सेकंदाच्या पाच-दहा हजाराव्या भागाइतकाच पेटतो. शटर १/२०० असलं तरी चित्र त्या लखलखाटात गोठतं. हात किंवा फांदी किंचित हलली तरी फोटो हलत नाही.

याचा सर्वांत मोठा फायदा मला आंब्या-काजूवर दिसतो. पानं शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्यांच्या आसपास त्यांची हुबेहूब नक्कल करणारा एक कोळी फिरत असतो, मिर्माप्लाटा प्लाटालिओइडिस. पुढचे पाय मिशांसारखे उचलून धरतो आणि क्षणभर थांबत नाही. नराचे जबडे इतके लांब असतात की एक मुंगी दुसरीला तोंडात धरून चालली आहे असंच वाटावं. हा कोळी आहे हे फोटोत कळायचं तर डोळ्यांची ठेवण आणि आठही पाय दिसायला हवेत. एफ/४ वर ते जमणं जवळपास अशक्य, फ्लॅशसह एफ/११ वर जमतं.

मात्र उघडा फ्लॅश मारू नका. धातूसारखी चमक असलेला हिरवा-निळा ढेकूण किंवा भुंगेरा घ्या. उघड्या फ्लॅशने त्याच्या पाठीवर पांढरा फटक ठिपका उमटतो आणि त्याखालचा रंग पुसला जातो. तोच प्रकाश मोठ्या, पांढऱ्या, अर्धपारदर्शक पडद्यातून गाळून आणला की निळ्यातून हिरव्यात सरकणारी छटा आणि पाठीवरचे बारीक खड्डे मोजता येतील असे उमटतात. पडदा जितका मोठा आणि किड्याच्या जितका जवळ, तितका प्रकाश मऊ. तो विकतच घ्यायला हवा असं नाही. टीव्ही-फ्रीजच्या पॅकिंगमधला पातळ पांढरा फोम, आत ट्रेसिंग पेपरचा एक थर आणि पुठ्ठ्याला आतून अॅल्युमिनियम फॉइल एवढ्यात उत्तम डिफ्यूजर होतो. कोळ्याच्या डोळ्यांत या पडद्याचंच प्रतिबिंब पडतं, तेव्हा त्याची कड गोलसर ठेवा. रिंग फ्लॅश मी सुचवणार नाही. समोरून सपाट प्रकाश पडतो आणि डोळ्यांत कडी उमटते. ट्विन फ्लॅश छान असतो, पण महाग, आणि डिफ्यूजर त्यालाही लागतोच. टीटीएल, म्हणजे फ्लॅशची ताकद कॅमेऱ्यानेच ठरवण्याची सोय, हीही सुरुवातीला गरजेची नाही. एकाच मॅग्निफिकेशनला अंतर जवळजवळ सारखंच राहतं, त्यामुळे साधा मॅन्युअल फ्लॅश एकदा बसवला की दिवसभर चालतो.

फ्लॅशचा खरा दोष पार्श्वभूमीचा. प्रकाश किड्यापाशीच संपतो आणि मागे काळोख उरतो. रात्रीच्या कोळ्याला ते शोभतं, दुपारच्या फुलपाखराला शोभत नाही. उपाय दोन: मागे दोन-चार इंचांवर एखादं पान येईल असा कोन घ्या, नाहीतर आयएसओ ४००-८०० आणि शटर १/६० ठेवून मागचा उजेडही थोडा आत येऊ द्या.

आता दुसरी वाट. तिचा काळ म्हणजे पाऊस ओसरल्यापासून थंडी असेपर्यंतच्या सकाळी, आणि जागा म्हणजे जांभ्याचा सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. नवरात्राच्या आसपास गवतावर दव असतं, टाचण्या (चतुरांसारखे, पण बारीक अंगाचे कीटक) आणि फुलपाखरं गारठून काड्यांना चिकटलेली असतात, ऊन तिरपं आणि मऊ असतं. इथे ०.३ मिलिमीटरचा पट्टासुद्धा पुरतो, कारण बाजूने पाहिलेली टाचणी जवळजवळ एकाच प्रतलात असते. सेन्सर तिच्या अंगाला समांतर धरला की डोळ्यापासून शेपटाच्या टोकापर्यंत ती स्पष्ट येते आणि मागचं गवत नुसता रंग होऊन राहतं. फ्लॅशच्या फोटोत हा रंग सहसा मिळत नाही. खाऱ्या वाऱ्यांना जोर चढेपर्यंतच हे काम करता येतं. पुढे काडी डोलायला लागली की कॅमेरा आवरावा. कीटक स्थिर असेल तर ट्रायपॉडवरून फोकस थोडा थोडा सरकवत दहा-वीस फ्रेम घेऊन त्या जोडताही येतात.

एक कोळी असा आहे की त्याच्यासाठी मी फ्लॅश बंदच ठेवीन. देवराहाटीच्या (देवाच्या नावाने राखलेल्या रानाच्या) वाटेवर दोन झाडांमध्ये भलंमोठं जाळं ताणून बसणारी नेफिला पिलिपिसची मादी. तिचे धागे सोनेरी असतात, पण ते सोनं मागून ऊन आलं तरच दिसतं. समोरून फ्लॅश मारला की धागे निस्तेज होतात आणि राहतो नुसता काळा-पिवळा कोळी. तिचं धडच तीन ते पाच सेंटिमीटरचं, त्यामुळे १:१ ची गरज नाही आणि उजेडही फार घटत नाही. तिच्याच जाळ्यात कडेला बसलेला काही मिलिमीटरांचा नर टिपायचा असेल तर मात्र पुन्हा फ्लॅशच लागेल.

लेन्सबद्दल थोडक्यात. ९० ते १०५ मिलिमीटरची मॅक्रो लेन्स दोन्ही वाटांना सर्वांत सोयीची. १:१ लाही किड्यापासून वीतभर नाही तरी दहा-बारा सेंटिमीटर लांब राहता येतं, आणि तांबड्या मुंग्यांच्या घरट्यापाशी त्याची किंमत कळते. ५० मिलिमीटरच्या लेन्सला ५० मिलिमीटरच्या एक्स्टेन्शन ट्यूब लावूनही १:१ मिळतं, खर्च कमी, पण लेन्स किड्याच्या अगदी अंगावर जाते आणि डिफ्यूजरला जागा उरत नाही. पावसाळ्यात ट्यूब काढ-घाल करताना सेन्सर उघडा पडतो तो वेगळाच. म्हणून टेलिझूम असलेल्याने रेनॉक्स डीसीआर-२५० सारखं चिमटा लावून बसणारं क्लोज-अप भिंग घ्यावं. २०० मिलिमीटरवर, लेन्स इन्फिनिटीला असताना, ते सुमारे १.६ पट देतं, किड्यापासून साधारण साडेबारा सेंटिमीटर अंतर ठेवतं आणि कॅमेरा उघडावा लागत नाही. लेन्स उलटी लावून काढलेले फोटो सुंदर येतात, पण मागची काच दमट, खारट हवेत उघडी ठेवणं मला पटत नाही. इथे काचेला बुरशी धरायला एक पावसाळा पुरतो. घरी आल्यावर सगळं सामान पुसून सिलिका जेलच्या हवाबंद डब्यात गेलंच पाहिजे, आणि फ्लॅशमधले सेल काढून ठेवायला हवेत.

अजून एक फरक खरेदीच्या यादीत येत नाही, पण महत्त्वाचा आहे. उजेडाच्या वाटेने जाणारा सड्यावर गुडघे टेकतो, पोटावर झोपतो, आणि जांभ्याच्या दगडांत फुरसं हा विषारी साप असतो. रंगाने तो दगडात मिसळून जातो. बसण्याआधी जागा नीट पाहा, दगड हाताने उलटू नका, पायात बूट असू द्या. फ्लॅशवाला रात्री वाडीत आणि गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) कडेने फिरतो. त्याला डोक्यावरची बॅटरी फोकसइतकीच पायाखालच्यासाठी लागते.

तेव्हा गावातच राहत असाल तर फ्लॅश आणि घरगुती डिफ्यूजर आत्ता घ्या, मॅक्रो लेन्सचे पैसे दसऱ्यापर्यंत साठवा. वर्षातून एकदाच दिवाळीला येत असाल तर फ्लॅश नसला तरी चालेल, ट्रायपॉड आणा आणि उजाडायच्या आत सड्यावर पोचा. फक्त मे महिन्यात येणाऱ्याला दोन्ही वाटा अवघड. ऊन भगभगीत आणि गवत वाळलेलं असतं. त्यांनी संध्याकाळनंतर फ्लॅश घेऊन विहिरीच्या आणि न्हाणीच्या पाण्यावर वाढलेल्या अळू-केळीत शोधावं, ओलाव्याला आलेले कोळी तिथे सापडतात.