मिरजेतलं नर्सिंग फर्स्ट इयर किट: अर्धं कामाचं, अर्धं पाऊच भरायला

मिरजेत सर्जिकलच्या दुकानात जाऊन 'नर्सिंगला अॅडमिशन घेतलीय' म्हटलं, की तयार पाऊच समोर येतो. बीपी अॅपरेटस, स्टेथो, थर्मामीटर, टॉर्च, नी हॅमर (गुडघ्यावर ठोकायची छोटी हातोडी), कात्री, फोर्सेप (चिमटा). दिसायला झकास. पण जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) असो की बीएस्सी, सुरुवातीला रोज हाताळायच्या त्या पहिल्या तीनच वस्तू. कात्री-फोर्सेप तर ड्रेसिंगला निर्जंतुक केलेलेच लागतात, पाऊचमधले नाहीत.

स्वस्त किटची खरी खोट स्टेथोत. कानातली बोंडं कडक, त्यामुळे नीट बसत नाहीत आणि आवाज वाटेतच विरतो. नव्या मुलीला वाटतं, सगळ्यांना ऐकू येतंय, माझेच कान कच्चे. तंबोऱ्यांच्या गावात तरी आवाज ऐकूनच सौदा करावा! दांडे नाकाकडे वळलेले ठेवून कानात घाला आणि चेस्टपीसच्या (छातीवर टेकवायच्या चकतीच्या) पडद्यावर, म्हणजे डायफ्रामवर, हलकेच टकटक करा. काहीच आलं नाही तर चेस्टपीस फिरवा, बहुधा बेलची (मागची वाटीसारखी) बाजू चालू असते.

बीपीत कफचा, म्हणजे दंडाला गुंडाळायच्या पट्ट्याचा, साइज बघा. आतल्या रबरी पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या 40 टक्के आणि लांबी 80 टक्के हवी. लॅबमध्ये सराव एकमेकींवरच होतो. बारीक मुलीच्या 21-22 सेंमी घेराच्या दंडाला किटमधला कफ मोठा पडतो आणि बीपी आहे त्याहून कमी दिसतं. कफ लहान असला किंवा सैल गुंडाळला, तर जास्त दिसतं.

बीपीच्या डायलचा काटा शून्यावर आहे ना, ते दुकानातच पाहा. मग कफ बाटलीभोवती गुंडाळून 200 मिमी (पाऱ्याच्या मापात) पर्यंत हवा भरा आणि व्हॉल्व्ह बंद ठेवून मिनिटभर थांबा. काटा 4 मिमीपेक्षा जास्त उतरला तर गळती आहे, बहुतेक व्हॉल्व्हमध्ये नाहीतर नळीच्या जोडात. पुढे व्हॉल्व्ह सैल करून बघा: सेकंदाला 2-3 मिमी अशा चालीने काटा उतरवता आला पाहिजे. भसकन हवा सोडणाऱ्या व्हॉल्व्हने वरचं बीपी कमी आणि खालचं जास्त लागतं.

थर्मामीटर, टॉर्च ठीक. सेकंदकाट्याचं घड्याळ मात्र किटमध्ये नसतं, आणि नाडी-श्वास मोजायला पहिल्या दिवसापासून तेच लागतं.

आमचं मत: आधी कॉलेजची यादी पाहा, मग स्टेथो आणि बीपी सुटे घ्या. बदलून देण्याची मुदत बिलावर लिहून घ्या, तोंडी नको.