एका चार्जमध्ये किती जाते? घाटावर आणि घाटाखाली इलेक्ट्रिक गाडी वापरल्यानंतरचा अनुभव

सगळे जो प्रश्न विचारतात त्याचं उत्तर आधी देतो. आमची गाडी टाटाची नेक्सॉन ईव्ही, ४५ किलोवॉट-तासांची बॅटरी, म्हणजे घरच्या मीटरच्या भाषेत ४५ युनिट. पुण्यातल्या शहरी वापरात ती पूर्ण चार्जवर साधारण ३४० ते ३७० किलोमीटर जाते. महामार्गावर ताशी ८०-८५ च्या वेगाने ३१० ते ३३०, आणि ताशी १०० ने सलग हाणली तर २७० च्या आसपास. हे आकडे शंभर टक्क्यांपासून शून्यापर्यंतचे आहेत, आणि शून्यापर्यंत कोणी जात नाही, जाऊही नये. शेवटचे दहा-पंधरा टक्के बाजूला ठेवले की हातात उरतं ते खरं अंतर. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा तिन्ही पाहून झाल्यावर हे लिहितोय.

माहितीपत्रकात या गाडीचा आकडा ४८९ आहे. तो खोटा नाही, पण तो कसा येतो हे समजून घ्यायला हवं. आपल्याकडे ही चाचणी एमआयडीसी (मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल, औद्योगिक वसाहतीची एमआयडीसी नव्हे) नावाच्या ठरलेल्या चक्रावर होते, म्हणजे कधी किती वेगाने चालवायचं याच्या ठरलेल्या क्रमावर. गाडी रस्त्यावर नसते, रोलरवर असते. एसी बंद. चक्राच्या शहरी भागात वेग ताशी ५० च्या वर जात नाही, आणि शहराबाहेरच्या भागातही कमाल वेग ९०, तोही थोडाच वेळ. चढ नाही, खड्डा नाही, मागच्या सीटवर तीन माणसं आणि डिकीत आंब्याच्या पेट्या नाहीत. दोन गाड्यांची एकमेकींशी तुलना करायला हा आकडा चांगला, प्रवासाचं नियोजन करायला निरुपयोगी. कंपनीने याच गाडीसाठी ‘सी ७५’ नावाने ३५० ते ३७५ असा दुसरा आकडा छापला आहे, म्हणजे चारातल्या तीन ग्राहकांना निदान एवढं अंतर मिळेल असा अंदाज. हे मला मनापासून आवडलं. सगळ्याच कंपन्यांनी असा आकडा पहिल्या पानावर ठळक छापला पाहिजे.

पण माझं खरं म्हणणं वेगळं आहे. ‘ही गाडी किती जाते’ याला एकच उत्तर नसतंच. ‘या रस्त्यावर, या वेगाने, शंभर किलोमीटरला किती युनिट लागतात’ हा प्रश्न विचारायला लागलो आणि रेंजची, म्हणजे एका चार्जवर गाडी किती जाईल याची, धाकधूक जवळजवळ गेली. शहरात १२ ते १३ युनिट, ८०-८५ ला साडेतेरा-चौदा, १०० ला साडेसोळा. गाडीच्या पडद्यावर हा सरासरी वापर दिसतो. बाकी सगळं त्यावरून तोंडी काढता येतं. ४५ युनिटांचा एक टक्का म्हणजे अर्ध्याला जरा कमी युनिट, म्हणजे महामार्गावर शिस्तीत चालवली तर सव्वातीन किलोमीटर. मी मनात टक्क्याला तीन किलोमीटर धरतो. साताऱ्यापर्यंत ११० किलोमीटर? सदतीस टक्के. बहुतेक वेळा त्याहून थोडे कमीच लागतात.

वेगाचा हिशेब प्रत्येकाने एकदा तरी स्वतः करून बघावा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ८० वरून १०० ला गेलं की तो दीडपटीहून जास्त होतो, आणि १२० ला सव्वादोन पट. समृद्धी महामार्गावर कारला १२० ची परवानगी आहे. रस्ता मोकळा, सरळ, पाय आपोआप दाबला जातो, आणि टक्के डोळ्यांदेखत उतरतात. आम्ही नागपूरला जाताना ९० वर राहिलो. १२० ने गेलो असतो तर वाटेत चार्जरवर जास्त वेळ उभं राहावं लागलं असतं आणि कमावलेला बराचसा वेळ तिथेच गेला असता. पेट्रोल गाडीत हाच विरोध असतो, पण टाकी पाच मिनिटांत भरते म्हणून कोणी तो मोजत नाही.

एसीबद्दल लोकांचा समज उलटा आहे. लांबच्या प्रवासाला निघालं की एसी बंद करून खिडक्या उघडणारे मी पाहिलेत. एसी तासाला साधारण एक-सव्वा युनिट घेतो, गाडी उन्हात तापलेली असेल तर सुरुवातीला थोडं जास्त. महामार्गावर शंभर किलोमीटर सव्वा तासात संपतात, म्हणजे दीड युनिट. पण हिंजवडीच्या संध्याकाळच्या कोंडीत शंभर किलोमीटर कापायला पाच-सहा तास लागतील, आणि तेवढ्यात एसी सहा-सात युनिट खाईल. म्हणून माझा शहरातला सगळ्यात वाईट आकडा मेमधल्या कोंडीतला आहे. शहरात रेंजची चिंता नसतेच, त्यामुळे तिथेही एसी लावाच. महामार्गावर तर निश्चिंत लावा. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर शंभर किलोमीटरला एखादा युनिट जास्त लागतो. टायरमधली हवा महिना-महिना न बघणाऱ्यांनाही तेवढाच फटका बसतो.

आता घाट. महाराष्ट्रात इलेक्ट्रिक गाडी घेणाऱ्याने सगळ्यात आधी सह्याद्री समजून घ्यावा. खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत गाडी साधारण साडेपाचशे मीटर वर चढते. गाडी, चार माणसं आणि सामान मिळून १,८०० किलो धरलं तर एवढं वजन नुसतं वर उचलायलाच पावणेतीन युनिट लागतात, मोटरमधली गळती धरून तीन. म्हणजे त्या चढात सपाट रस्त्यावरचे वीस-बावीस किलोमीटर जास्तीचे खर्च होतात. उतरताना मोटर जनित्रासारखी चालून बॅटरी भरते (यालाच ‘रीजन’ म्हणतात) आणि त्या तीनमधला निम्मा भाग, कधी त्याहून थोडा जास्त, परत येतो. म्हणून मुंबईहून पुण्याला येताना लागणारे टक्के आणि पुण्याहून मुंबईला जाताना लागणारे टक्के कधीच सारखे नसतात. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, मुंबई समुद्रावर. चढलेलं फिटायला परत उतरावंच लागतं.

याच ठिकाणी नवे लोक घाबरतात. पडद्यावर ‘उरलेले किलोमीटर’ म्हणून जो आकडा दिसतो तो मागच्या काही किलोमीटरच्या वापरावरून काढलेला अंदाज असतो. पुढे काय आहे हे त्याला माहीत नसतं. घाट चढताना तो झपाझप पडतो, आणि ‘आता पोचत नाही’ असं वाटून लोक लोणावळ्यातच चार्जर शोधायला लागतात. उतारावर तोच आकडा फुगतो आणि तेवढाच फसवा असतो. त्या आकड्याकडे बघणं सोडा. टक्के बघा, अंतर बघा, चढ किती बाकी आहे ते बघा.

आणखी एक गोष्ट, जी मला विक्रेत्याने सांगितली नव्हती. महाबळेश्वर, लोणावळा, आंबोली अशा माथ्यावरच्या ठिकाणी हॉटेलात रात्रभर चार्ज करायला मिळालं तर बॅटरी शंभर टक्के भरून खाली उतरू नका. पूर्ण भरलेल्या बॅटरीत उतारावरची वीज घ्यायला जागा नसते, रीजनचा जोर जवळजवळ नाहीसा होतो, आणि गाडी रोखायचं सगळं काम ब्रेकवर येतं. सवयीने पाय उचलला आणि गाडी नेहमीसारखी मंदावली नाही, तर वळणावर दचकायला होतं. माथ्यावर ८५-९० ला थांबा.

आमचा नेहमीचा लांब प्रवास पुण्याहून गुहागर तालुक्यातल्या गावी. पुणे, खंबाटकी, सातारा, उंब्रजला महामार्ग सोडून पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण, आणि पुढे गाव. एकूण अडीचशेच्या वर. कागदावर एका चार्जमध्ये होतं, आणि खरोखर झालंही आहे, पण तसं करायची गरज नाही. सातारा-कराड पट्ट्यात महामार्गालगतच्या हॉटेलांत जलद चार्जर आहेत. मिसळ-चहा होईपर्यंत तीस-पस्तीस टक्के भरतात. ऐंशी टक्क्यांच्या पुढे चार्जिंगचा वेग फार मंदावतो, म्हणून तिथे ताटकळत बसणं व्यर्थ. उंब्रज सोडल्यावर गावापर्यंत मी कुठल्याच चार्जरवर विसंबत नाही.

कुंभार्ली उतरणं हा माझ्यासाठी या गाडीतला सगळ्यात सुंदर भाग आहे. रीजन सगळ्यात वरच्या पातळीवर ठेवायचा, ब्रेकला पाय जवळजवळ लावायचा नाही, आणि माथ्यावर जेवढे टक्के होते त्याहून दोन-तीन जास्त घेऊन पोफळीला पोचायचं. त्याच पोफळीला डोंगराच्या पोटात कोयनेचं वीजघर १९६२ पासून हेच करत आलं आहे. वरच्या शिवसागर जलाशयाचं, म्हणजे कोयना धरणाचं, पाणी खाली येतं आणि येताना वीज देऊन जातं. कोयना प्रकल्पाचे सगळे टप्पे मिळून क्षमता १,९६० मेगावॉट. त्यापुढे आमचा दीड युनिट म्हणजे काहीच नाही, पण डोंगर तोच आणि उतार तोच, याचा मला दर वेळी आनंद होतो.

धाकधूक खरी कशाची असते ते आता सांगतो. ती बॅटरीची नसते. पुढचा चार्जर चालू असेल का, याची असते. ॲपवर ‘उपलब्ध’ दिसतो आणि प्रत्यक्षात पडदा काळा. चार्जर चालू पण मोबाइलला रेंज नाही, म्हणून ॲप उघडत नाही आणि चार्जर गन, म्हणजे गाडीला लावायचं केबलचं टोक, सोडत नाही. साठ किलोवॉटचा बोर्ड, पण शेजारी दुसरी गाडी लागली की दोघांना तीस-तीस. चार्जिंगच्या जागेत डिझेलची एसयूव्ही उभी आणि मालक आत जेवतोय. एका पावसाळी रात्री कराडच्या अलीकडे ठरवलेला चार्जर बंद मिळाला. ज्या क्रमांकावर फोन करायचा तिथे ‘तक्रार नोंदवली आहे’ एवढंच. सोबत आई होती, दमलेली. तेव्हाही आम्ही अडकलो नाही, कारण पुढच्या चार्जरपर्यंत पुरेल एवढं शिल्लक होतं. हा एकच नियम मी सगळ्यांना कळकळीने सांगतो: पहिल्या चार्जरला पोचताना दुसऱ्या चार्जरपर्यंत जाण्याएवढे टक्के हातात असलेच पाहिजेत. निघण्याआधी त्या हॉटेलला फोन करून ‘चार्जर चालू आहे का’ विचारा. ॲपपेक्षा गल्ल्यावरचा माणूस खरं सांगतो. आणि दोन-तीन कंपन्यांची ॲपं आधीच उतरवून त्यात थोडे पैसे टाकून ठेवा.

गावी काकूंकडे पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर लावतो. पहिल्यांदा गाडीने चार्ज घ्यायलाच नकार दिला, कारण घराचं अर्थिंग नावापुरतंच होतं. वायरमनकडून नवा खड्डा घेऊन अर्थिंग करून घेतलं, मग सुरळीत. तासाला तीन युनिटच्या आसपास जातात, म्हणजे रात्रभरात तीसेक युनिट, साधारण साठ-पासष्ट टक्के. व्होल्टेज पडलं की मध्येच थांबतं, पावसात लाइट जाते, म्हणून परतीच्या दिवसाच्या आदल्या रात्रीवर सगळं टाकायचं नाही. पोचलो त्या रात्रीच लावायची. काकूंना बिलाची काळजी होती. “कितीसं येईल रे?” त्यांना युनिट मोजून दाखवले आणि मीटरवरचा दर धरून पैसे आधीच देऊन ठेवले, तेव्हा कुठे त्या निर्धास्त झाल्या. परतीला गावापासून कराडपर्यंत सव्वाशे किलोमीटर आणि मध्ये कुंभार्लीचा चढ, सगळं धरून पंचेचाळीस-पन्नास टक्के लागतात. सत्तर असले की मी निवांत निघतो.

खर्चाबद्दल थोडक्यात. घरी चार्ज केलं तर पेट्रोलशी तुलनाच नाही. बाहेरच्या जलद चार्जरवर युनिटला वीस रुपयांच्या वर आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, तेव्हा शंभर किलोमीटरला सव्वातीनशे-साडेतीनशे रुपये होतात. पेट्रोलच्या निम्मे म्हणा. २०२५ पासून राज्याच्या धोरणाप्रमाणे अटल सेतू, द्रुतगती महामार्ग आणि समृद्धीवर इलेक्ट्रिक कारला टोल माफ आहे, ती बचत वेगळी.

कोणी घ्यावी? ज्याच्या पार्किंगमध्ये स्वतःच्या मीटरवर चार्जर बसतो त्याने डोळे झाकून. आमच्या सोसायटीत ७.२ किलोवॉटचा आहे. रोज सकाळी गाडी भरलेली असते आणि आठवडेच्या आठवडे रेंज हा विषयच निघत नाही. ज्याला घरी चार्जिंगची सोय नाही आणि महिन्यातून तीन-चारदा आडवाटेच्या गावी जायचं असतं, त्याला मी आज तरी थांब म्हणेन. ४५ ची बॅटरी घ्यायची ऐपत असेल तर लहान बॅटरीवर पैसे वाचवू नका. ३० ची गाडी शहरापुरती छान आहे, पण कोकणच्या प्रवासात प्रत्येक थांबा ठरवून करावा लागेल.

राज्याच्या धोरणात महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करायचं म्हटलं आहे. ते लवकर व्हावंच, पण माझी मागणी आणखी सोपी आहे: एसटीची आगारं वापरा. १ जून २०२२ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली इलेक्ट्रिक ‘शिवाई’ धावली, तेव्हापासून एसटीने स्वतःच्या बससाठी चार्जर उभारायला सुरुवात केलीच आहे. पाटण आणि चिपळूणच्या आगारात दोन-दोन गन आमच्यासारख्या गाड्यांना ठेवल्या तर एसटीला उत्पन्न मिळेल, आणि कुंभार्लीच्या दोन्ही बाजूंना भरवशाची जागा होईल. तिथे दिवे असतात, शौचालय असतं, चहा मिळतो, आणि रात्री अकराला गेलं तरी चौकशीच्या खिडकीत माणूस बसलेला असतो.