सिसल कार्पेट बसवणाऱ्याने गोंदात फसवलं, तुम्ही डबा बघून घ्या

बाणेरच्या फ्लॅटमध्ये हॉलला भिंत ते भिंत सिसलचं, म्हणजे घायपाताच्या धाग्याचं, कार्पेट टाकून घेतलं. ज्याने काम केलं त्याचं नाव लिहीत नाही, तक्रार करायचीय. कोटेशनमध्ये स्वच्छ लिहिलेलं, रबर बेस अढेसिव्ह, पूर्ण फ्लोअरला पेस्टिंग, पाच वर्षं गॅरंटी, आणि दरही त्याच हिशोबाने लावलेला.

ऐन मे महिन्यात रोल टेंपोतून उतरवला आणि चहा होईपर्यंत कापायला सुरुवातसुद्धा. हा धागा हवेतला ओलावा ओढून फुगतो आणि वाळला की आखडतो, म्हणून रोल उलगडून एक-दोन दिवस त्याच खोलीत पडू द्यायचा असतो. हे त्याला माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही, दुसऱ्या साइटची घाई होती बस.

पावसाळ्यात मधोमध फुगे आले. फोन केला तर म्हणे "मॅडम, तुमच्या स्लॅबला ओल आहे", अहो चौथा मजला आहे, खाली माणसं राहतात! तरी अँटी-डँप ट्रीटमेंटचे वेगळे साडेआठ हजार घेतले आणि ट्रीटमेंट काय, तर सिरिंजने फुग्यांत गोंद सोडला आणि वर विटा ठेवल्या. गोंद विणीतून वर आला, डाग पडले ते पडलेच, सिसलवर साध्या पाण्याचाही डाग राहतो. ऑक्टोबर हीटमध्ये जोडावर बोटभर फट पडली आणि साहेबांनी फोन उचलणं बंद केलं.

शेवटी ओळखीतून भवानी पेठेतले एक जुने कारागीर आले. त्यांनी कोपरा उचलला तर गोंद फक्त कडेने आणि जोडाखाली, मधली फरशी कोरी करकरीत. टाइलवरची पांढरी पापडी त्यांनी नखाने खरवडली, ओल्या बोटाने चोळली आणि ती चक्क परत दुधासारखी झाली. "ताई, हा सुतारकामाचा पांढरा गोंद, वर पाणी घातलेला. यातलं पाणी लाकूड पितं म्हणून तिथे धरतो. खाली विट्रिफाइड टाइल, वर कार्पेटच्या पाठीला लॅटेक्सचं रबरी बॅकिंग, दोन्ही पाणी पीत नाहीत, वाळणार कसा?" मग मोकळ्या टाइलवर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवला, सकाळी आतून कोरडा. म्हणजे ओल वगैरे सगळी थाप, आणि साडेआठ हजार त्या थापेचे.

कार्पेट बसवून घेत असाल तर सीलबंद डबा समोर फोडायला सांगा, लेबलचा फोटो काढा आणि मधल्या भागात दातेरी पत्र्याने गोंद ओढतायत का ते तिथे उभं राहून बघा, एकदा झाकलं की कोण उचलून बघतंय. पैसे द्यायच्या आधी जीएसटीचं पक्कं बिल घ्या, मला कच्ची पावती दिलीय, पण कोटेशन व्हॉट्सॲपवर आहे ते बरंय. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकतेय, नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग, तिथे ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. खरवडलेली पापडी पिशवीत ठेवलीय आणि कारागीर लेखी द्यायला तयार आहेत.